केरसुणी

सदरच्या दवाखान्यात दोन कॅलेंडरं होती.
एक आमचं, तिथी-वाराचं. दुसरं कोलकत्याहून पोस्टानं यायचं, लाल,
त्यातलं अक्षर मला लागत नव्हतं.
चंद्र मात्र दोन्हीकडं सारखाच,
अवसेला काळा, पुनवेला कोरा.

वेनबाई दात काढायच्या, मी कवळ्या करायचो.
बत्तीस वर्षं. दातांइतकीच.

पौषाच्या अवसेला बाई दवाखाना झाडून काढत,
खुर्चीच्या स्प्रिंगांतसुद्धा,
मग केरसुणी प्लास्टरच्या पोत्यामागं दडवत.
उद्या झाडायचं नाही, बोरकुटे.
नवं वर्ष घरात आलं की लगेच त्याला भायेर काढते का कोनी?
मी म्हणालो, आमच्यात दिवाळीला हिलाच हळदकुंकू.
म्हंजे तुमी पाया पडता, आमी लपवतो.
भेतो दोघंबी तिलाच.

काउंटरवर संत्री, जोडीनं. मृग बहाराची.
त्यांच्या बोलीत संत्रं आणि शुभ जवळजवळ सारखं ऐकू येतं.
म्हणून तुमचे वडील नागपूरला आले?
नाही हो. रेल्वेच्या साहेबांचे दात किडके होते.
फटाके नसत. बासष्टनंतर वडिलांनी सोडले.
तेव्हापासून आनंद करायचा तर
आधी आवाज कुठवर जातो ते बघायचं.

होड्यांचा सण जूनमध्ये यायचा.
नाग नदीत घोट्याएवढं पाणी.
बाई पळसाच्या पानात भात बांधून गप्प बसत.

सातव्या महिन्यात मेलेल्यांसाठी दार उघडं,
ज्यांचं मागं कोणी नाही, त्यांच्यासाठी विशेष.
गॅलरीत वाटीभर भात, तीन उदबत्त्या.
ते दार मिटायचं नेमकं आमच्या पोळ्याला.
एका वर्षी दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटरवर इतवारीत नेलं.
घेऊन जा गे मारबत! गर्दी, धूळ, ढोल,
आणि काळ्या मारबतीसमोर बाई हात जोडून:
बघा, घरी जायचं विसरलेल्यांना
पोचवायला सारं गाव निघते.

त्यांचा चंद्र भादव्याचा, आमचा कोजागरीचा.
कधीतरी अधिक महिने चुकामूक करतात
आणि दोघांची पुनव एका रात्री येते.
तशी एकदा आली. गच्चीवर दूध आटलं,
बाईंनी गोल केक कापला,
मधोमध खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक.
माझ्या बायकोनं तो हळूच बाजूला काढला.
चंद्र नाही खात का तुमच्यात?
मग हसू ओसरलं. तीन भाऊ टोरांटोला.
या रात्री सगळ्यांनी एका ताटाला बसायचं असतं, म्हणाल्या,
आणि एक तुकडा फडक्यात बांधून ठेवला.
कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

लाल कॅलेंडर आता येत नाही.
अवसेला मी घरची केरसुणी लपवतो.
बायको शोधते, ओरडते, मग सोडून देते.

आज पाच एप्रिल. बेचाळीस अंश.
जरीपटक्याकडच्या कबरस्तानात
बाई दर वर्षी वडिलांची जागा झाडायच्या, मी छत्री धरायचो.
आता शेजारी त्या.
छत्री धरायला कोणी नाही.
दोन्ही दगड झाडले, फटीतली मुंग्यांची माती काढली,
वर दोन संत्री ठेवली,
हंगाम सरता सरता मिळालेली, सुरकुतलेली.

थोडा वेळ थांबलो.
मग एक सोललं आणि तिथंच खाल्लं.
असंच करायचं असतं, त्यांनीच सांगितलं होतं,
आधी ते, मग उरलेलं आपण.
आंबट होतं.
बिया कुठं टाकाव्या कळेना.
आत्ताच तर झाडलं होतं.