माया

त्सोविनारने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला
आणि हातमोजे न काढताच म्हणाली, "ह्याला काढा."
ह्याला म्हणजे ह्राचला. तिच्याच लग्नातून.
आजोबा मात्र राहिले पाहिजेत.
सेरोब आजोबा मार्चमध्ये गेले,
आणि नाचताना ते फक्त इथेच सापडतात,
चव्वेचाळीस सेकंद.

ग्युम्रीच्या डिसेंबरात नळाचं पाणीसुद्धा विचार करून येतं.
माझ्या दुकानाखाली पावाची भट्टी आहे
म्हणून निदान कीबोर्ड कोमट असतो.
बाकी काम थंड डोक्याचं.
कानापासून सुरुवात करायची.
कान, जबडा, कॉलर,
ठिपक्यामागे ठिपका,
प्रत्येक ठिपक्याला दोन मिशा फुटतात,
मिशी ओढली की रेघ वाकते,
आणि शेवटचा ठिपका पहिल्याला चिकटला
की माणूस बंद.
मग मास्क उलटा करायचा.
माणसाच्या जागी माणसाच्या मापाचं भोक.
त्याखाली मी हॉलची भिंत सरकवली,
पाहुणे यायच्या आधी कॅमेरावाल्याने चुकून घेतलेली,
एका रिकाम्या खुर्चीसकट.

कड कोरी ठेवली तर डोळ्याला टोचते.
आई कापड गिरणीच्या शिवणखात्यात होती.
कात्री लावण्याआधी म्हणायची,
माया सोड गं, दोन बोटं तरी,
नाहीतर अंगात घालताच उसवेल.
मी सहा पिक्सेल सोडते.
त्या सहांत कुठेतरी ह्राच संपतो
आणि भिंत सुरू होते.
नेमकं कुठे, ते मलाही दाखवता येणार नाही.

पण कोचारी एकट्याने नाचत नाहीत.
रांग लागते, खांद्याला खांदा,
ढोल सांगेल तेव्हा सगळ्यांनी मिळून उडी.
आणि आजोबांचा डावा हात
नेमका ह्राचच्या खांद्यावर.
सेकंदाला पंचवीस चित्रं, चव्वेचाळीस सेकंदांची अकराशे.
ट्रॅकिंग दर तिसऱ्या उडीला घसरतं,
ह्राचचा कान मागे राहतो, भिंतीवर एकटाच,
मग तिथे जाऊन
हाताने एकेक ठिपका जागेवर न्यायचा.

तिसऱ्या रात्री तो पूर्ण गेला.
मी सुरुवातीपासून लावून पाहिलं.
आजोबा नाचतायत,
डावा हात हवेत,
बोटं रोवलेली, पेरं पांढरी पडलेली.
ऐंशी वर्षांचा माणूस
काहीच नसलेल्याला घट्ट धरून उडी मारतो
आणि पडत नाही.
खाली भट्टीत कोणीतरी हसलं, मी दचकले.

हात कोपरापासून कापून पाहिला. ते भयंकर दिसलं.
हात खिशाकडे वळवता येईल का, तेही पाहिलं,
पण मेलेल्या माणसाचा हात
आपण कसा वळवायचा.
शेवटी ह्राचच्या मास्कचे चार ठिपके
मी बोटांखालून मागे ओढले
आणि बोटांखाली थोडा खांदा परत दिला.
राखाडी कापड, हाताच्या पंजाएवढं,
कोणाचंच नसलेलं,
ठोक्याला वर जाणारं, ठोक्याला खाली येणारं.

त्सोविनारने फोनवर पाहिलं.
बराच वेळ मला फक्त तिकडचा ढोल ऐकू येत होता,
थांबवलेला, पुन्हा लावलेला.
मी म्हटलं, खांदा राहिलाय, पण इलाज नव्हता.
"राहू दे," ती म्हणाली. "कोट आजोबांचाच आहे.
ह्राचकडे लग्नात घालण्यासारखा नव्हता."
मग म्हणाली, "बटण दिसतं का? सगळ्यात वरचं?"
नाही.
"बरं. ते वेगळ्या रंगाचं आहे. मी शिवलं होतं,
त्याच सकाळी, घाईघाईत."
बरं, मी म्हटलं.
फोन ठेवला.

फाइल अजून उघडीच होती.
मी सगळ्यात खालच्या ठिपक्याची मिशी धरली
आणि हळूच ओढत नेली.
बटण आत आलं. तपकिरी, चार भोकांचं,
दोरा काळा.
तिला विचारलं नाही.
बिल केलं पंधरा हजार द्राम,
बटणाचे पैसे लावले नाहीत.