पोटखराबा

तुम्ही श्रावणात आलात, तिथेच चुकलात.
श्रावणात आमचा सडा कुणालाही फसवतो.
पावलागणिक सीतेची आसवं, गेंदाचे पांढरे ठिपके,
कातळाच्या खळग्याखळग्यात आभाळ,
आणि पश्चिमेला समुद्राची एक बारीक रेघ.
ती रेघ कुठल्याच खरेदीखतात नसते,
भाव मात्र तिचाच लावतात.

वैशाखात या.
दुपारी दोनला, चप्पल काढून उभे राहा.
एकर इतका स्वस्त का, ते तळपायाला विचारा.

मी एकतीस वर्षं मोजणीची साखळी धरली.
साहेब नकाशा बघायचे, मी जमीन.

पहार आणा सोबत.
खण्ण वाजलं तर खाली जांभा, किती खोल ते जांभ्यालाच ठाऊक.
आंबा होतो इथे, नाही कोण म्हणतो?
सुरुंगाने खड्डा, ट्रकने माती,
आणि पाच उन्हाळे डोक्यावरून घागर.
घागर कुणाच्या डोक्यावरून, तेही आधी ठरवा.

दलाल सांगेल, पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला.
राहतो. मी पाहिलाय.
खाली दोनशे ऐंशी फुटांवर बोअरमधून निघाली
लाल धूळ, मग ओली लाल धूळ,
मग मशीनवाल्याचं बिल.

सातबारा उजेडात धरून वाचा.
क्षेत्र तीन एकर वीस गुंठे,
त्यातला पोटखराबा तीन एकर चार.
खाली इतर हक्क. तिथे बोट ठेवून, सावकाश.
नावं अकरा.
चार वारले, त्यांचे वारस कुणी लावले नाहीत.
एक बासष्ट साली नैरोबीला गेला, त्याची शेवटची चिठ्ठी
लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बांधली होती.
आणि चंद्रभागा, लग्न होऊन आडिवऱ्याला गेलेली:
दलाल म्हणेल, म्हातारी आहे, ऐकू येत नाही.
ऐकू येत नाही खरं.
आठवतं सगळं.

रस्ता?
बोलेरो आली म्हणून रस्ता आहे असं समजू नका.
ती येते इस्माईल काझींच्या आवारातून.
हॉर्न ऐकला की ते स्वतः उठून बेडं काढतात,
वर पाणी हवं का विचारतात.
भला माणूस.
पण भलेपणाची फेरफारात नोंद होत नाही,
आणि त्यांचे मुलगे कुवेतहून परत येतायत,
गडग्याला चिरे मोजून मागवलेत.

पुरे. नाहीतर मुलगा माझ्यावर ओरडेल.
अकरातलं सातवं नाव माझं आहे.
तो म्हणतो, बाबा, तुम्ही फक्त सही करा,
गिऱ्हाईक आलं की तुमची जीभ साखळीसारखी सुटते.
करीन सही. पेन खिशातच आहे,
टोपण उन्हाने वितळून जरा वाकडं झालंय.

फक्त एक करा.
ती तुमच्या हातातली बाटली, अर्धी आहे ना,
ओता इथे, या काळ्या दगडावर.
मुरत नाही. बघा.
थांबतंय, मग त्या भेगेकडे वळतंय.
पावसाळाभर सगळ्या सड्याचं पाणी याच भेगेत शिरतं
आणि खाली घाटीच्या पायथ्याशी निघतं,
सुगंधा पाष्टेच्या विहिरीत.
अठ्ठावीस घरांची वाडी. मे महिन्यात
बाया पहाटे तीनला कळशीची रांग लावतात,
विहिरीत वाटीवाटीने पाणी जमतं, वाटीनेच भरतात.

तुमचा बोअर लागला, तर याच भेगेत लागेल.
कागदावर त्यात काही गैर नाही.
मी तपासलंय.
विहिरीचं नाव इतर हक्कात नाही.

चला, ऊन वर आलं.
खाली उतरून तिच्याकडे ताक पिऊ.
ती तुम्हाला काही विचारणार नाही,
फक्त तांब्या किती भरायचा
ते तिचं तिलाच ठाऊक.