अकरा तंगड्या जास्त

चिमणबागेच्या मैदानावर तीन दिवस
तळलेल्या कोंबडीचा मेळा,
आणि कूपनांच्या खिडकीत मी:
गजानन मोघे, निवृत्त हेड कॅशियर,
जन्मात अंडंसुद्धा न फोडलेला.

"मोघेसाहेब, पैशाला वास नसतो,"
आयोजकांचा पोरगा म्हणाला होता.
खोटं.
दुसऱ्या दुपारी दहाच्या नोटांना आलं-लसणाचा वास,
आणि माझ्या मफलरचा मुक्काम
हिनं बाल्कनीत हलवलेला.

बावीस कढया.
महूचे सुभेदार ढमाले झारा बंदुकीसारखा धरतात,
देवासची एक नर्स खोबरेल तेलात तळते,
सियागंजचा रमजानी नुसते पंख विकतो,
वर जीरावन भुरभुरतो:
"भिया, पोह्यावर चालतं, मग याला काय पाप लागलंय?"
कढई क्रमांक नऊ, ताराबाई वाघमोडे, मल्हारगंज.
रांग पार सायकल स्टँडपर्यंत.
कढई क्रमांक दहा, नानसिंग डामोर, झाबुआ.
कडकनाथ. कातडं काळं, मांस काळं.
लोक फोटो काढतात,
"जळलं का हो?" विचारतात
आणि नवाकडे सरकतात.

शनिवारी रात्री हिशेब बसेना.
ताराबाईंच्या कोंबड्या साठ.
तंगड्या एकशेवीस.
कूपनं एकशे एकतीस.
बोटाला थुंकी लावून पुन्हा मोजली.
चौतीस वर्षांत माझा गल्ला एकदाच चुकला,
दोन रुपयांनी,
ते दुसऱ्या दिवशी टेबलाखाली सापडले.
अकरा तंगड्या टेबलाखाली सापडत नाहीत.

"बाई, तुमची एखादी कोंबडी तीन पायांची होती का?"
तिनं झारा झटकला.
"एखादी? अकरा असतील. बघा तुम्हीच."

आमच्या इंदुरात कचऱ्याचीही खाती असतात,
ओला हिरव्यात, सुका निळ्यात.
निगमची सुशीला नऊची हिरवी बादली घेऊन निघाली होती.
तिला थांबवलं. नाकाला रुमाल लावून वाकलो.
मुंजीत म्हटलेलं सगळं आठवत होतं
आणि मी हाडं मोजत होतो.
पांढरं, पांढरं, पांढरं.
मग काळं.
मग आणखी एक.
सुशीला वर बोटं दुमडत होती,
तिचीही अकराच भरली.

नवाच्या बादलीत दहाची हाडं.

एकच पीठ, एकच तिखट, तेच तेल.
दात लागेपर्यंत कळत नाही,
आणि दात लागल्यावर परत कोण करतं?
नानसिंग रिकाम्या टोपलीवर बसून
अकरा तंगड्यांचे पैसे वरच्या खिशात घालत होता,
मला बघून पुन्हा काढू लागला.
"गलती झाली का साहेब?"

मी वहीत लिहिलं: नऊ, एकशेवीस.
दहा, अकरा.
आधीचा आकडा लाल शाईनं खोडला,
शेजारी सही.

रविवारी सकाळी एक पोरगं आईचा हात ओढत आलं,
"कालची ती, आतून काळीवाली द्या."
ताराबाईंनी न बोलता
झाऱ्यानं दहाकडे दाखवलं.

रात्री दिवे उतरवत होते.
खिडकीतून एक द्रोण आत आला:
गराडू, खरपूस तळलेले,
वर जीरावन, लिंबाची अर्धी फोड.
"वेगळ्या कढईत हो, घरून आणली मुद्दाम."

वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे.
नवाच्या चुलीपाशी मला एकच कढई दिसत होती,
आणि ती अजून वाफाळत होती.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा
न तपासता व्हाउचर पास केलं.
मग बोटं चाटली
आणि सुशीलाला विचारून
द्रोण हिरव्या बादलीत टाकला.