निळ्या दोऱ्याचं पोतं

मापात पाप नाही, हे आधीच सांगतो.
देड्झाच्या डोंगराखाली, चिम्वाझाच्या ओट्यावर
काटा मी धरतो.
रोज सकाळी पारडी पुसतो, वजनं घासतो.
सांडलेले दाणे माझे, असा करार आहे.

त्या साली पाऊस मध्येच उठून गेला.
कणसं निम्मी भरली,
चिम्वाझाची निम्मी, एनेलेसीची निम्मी.
रेडिओनं सरासरी सांगितली.
त्याच्या निम्म्यात तीन कोठ्या भरल्या,
तिच्या निम्म्यात दोन पोती.

एप्रिलात त्यातलं एक डोक्यावर घेऊन ती आली.
तोंड निळ्या दोऱ्यानं शिवलेलं,
धाकट्या लिम्बानीच्या शाळेच्या सदऱ्याची शिवण उसवून.
पन्नास किलो भरलं.
थोरली दवाखान्यात अडली होती,
आणि साऱ्या गावाचा मका त्याच आठवड्यात ओट्यावर.
आठ हजार क्वाचा.
तिनं मोजलेसुद्धा नाहीत.

चिम्वाझाच्या घरावर पत्रा आहे, कोठीला पावडर आहे.
त्याला थांबता येतं.
गवताच्या छपराखाली मका थांबत नाही,
त्याला सोंडे लागतात.

जानेवारीत ती आली ती कुदळ घेऊन.
तीन आठवडे त्याच्या रानातलं तण काढलं,
तिथून दिसत होतं तिचं रान,
गुडघाभर तणात बुडालेलं.
मग कोंबड्या विकल्या, एक लुगडं विकलं,
आणि तेवीस हजार ओट्यावर ठेवले.

मी आतून पोतं ओढून आणलं.
निळा दोरा.
तिनं पाहिला, मी पाहिला,
चिम्वाझा वहीत लिहीत होता.
एकोणपन्नास भरलं.
‘सुकलंय,’ मी म्हणालो.
‘माझंच आहे,’ ती म्हणाली. ‘मला ठाऊक आहे किती ओलं होतं.’

पुढच्या साली पाऊस झकास झाला.
लोक नाचले, मीही नाचलो.
चिम्वाझानं चौथी कोठी बांधली.
एनेलेसीच्या रानात तणच आधी वाढलं होतं,
मका त्याच्या सावलीत जेमतेम उभा.
भाव सहा हजारांवर आला.
तिचं पोतं आलं तेव्हा तोंडाला दोरा नव्हता,
केळीची साल बांधली होती.
लिम्बानीनं तो सदरा सोडून
चिम्वाझाच्या गुरांमागे जायला सुरुवात केली होती.

एवढंच.
पारडी समोरासमोर आली की मी आकडा सांगतो.
एप्रिलात ओट्यावर मूठभर दाणे सांडतात,
घरी नेतो.
जानेवारीत सांडत नाहीत.
बायका खाली बसून एकेक वेचून घेतात,
आणि मी पाय उचलून धरतो.