भाग सहावा

सेलूच्या व्हिडिओ हॉलात पहिला भाग पाहिला
तेव्हा सिनेमा इंग्रजी, आणि आम्ही सातवी ब.
मुंजा उभा राहून सांगायचा, कोण काय म्हणतंय.
त्यालाही इंग्रजी येत नव्हतं
हे फार उशिरा कळलं.

शेवटी तो यंत्रमाणूस दूरच्या ग्रहावरच्या विवरात उतरतो,
वर बघतो, दोन शब्द बोलतो.
मुंजा म्हणाला, "म्या जातो आता.
इथलं पाणी शेंदू नका रे, कडू हाय."
बाकड्यांवरचे आम्ही तेवीस जण
नाकं ओढत बाहेर आलो, उन्हात.

काल परभणीत सहावा भाग.
मागे रेलणाऱ्या खुर्च्या, हिंदी डबिंग,
दोनशे वीसचं तिकीट, लाह्यांचे पैसे वेगळे.
विवरातून तो पुन्हा वर आला, चौथ्यांदा;
म्हणे, खाली गेला तो दुसराच होता.
शहरं कोसळली, ओळखीचं कुणी मेलं नाही.
पडद्यावर जो तो सगळं समजावून सांगत होता,
हळूहळू, दोनदोनदा.

मुंजा शेजारी. वेल्डिंगनं डोळे अधू,
चकचकाटात चष्मा काढून बसलेला.
मध्यंतरात एवढंच बोलला,
"कामून उठवायलेत त्याला?"

नावं सरकू लागली. पोरं थांबली,
सातव्याची झलक असते म्हणून.
मी विचारलं, तेव्हा तो खरं काय बोलला होता रे,
विवराच्या तोंडाशी?
मुंजा खुर्चीखाली पायानं चप्पल शोधत होता.
"सांगितलं की तवाच," म्हणाला.