पाहण्यासारखं

इथं पाहाले काय हाय, म्हणता?
बसा जी थोडं. उन्ह उतरू द्या.

ते टेकाड दिसते ना, तारेच्या कुंपणातलं,
तोच स्तूप. हो, एवढाच.
वरचं सारं गेलं; कोणाच्या पायव्यात,
कोणाच्या चुलीत.
माह्या आज्याच्या विहिरीतही असतील दोन विटा.
निळ्या पाटीवर ते लिहिलं नाही.

परवा नागपूरची गाडी आली. सात जण.
दहा मिनिटांत तट, दरवाजा, वैनगंगा.
एक बाई म्हणे, "बस, एवढंच?"
मी काय बोलू. मी चौकीदार, उरकुडा शेंडे,
रोजंदारीवर. कुलूप माह्यं, किल्ली सरकारची.

पण तिचा पोरगा उकिडवा बसला
अन् विटेवर बोट ठेवून म्हणाला, कुत्रा.
खरंच. ओल्या विटेवरून गेला असंल कधीकाळी,
चार बोटं, अन् मागची गादी जरा घसरलेली.
बावीस वर्षं झाडतो मी ही जागा.
मले कधी दिसला नाही.

सांजच्याला मिरचीच्या सातऱ्यावरून बायको आली.
बोटं जळत होती, बादलीत बुडवून बसली.
म्हटलं, चाल, तुले एक दाखवतो.
ती वाकली. ओलं बोट ठेवलं त्या पावलात.
म्हणाली, पयत होता बिचारा.
कोणीतरी हाड केलं असंल.

तवापासून
झाडू तिथं आला का आपोआप हलका होते.

या, इकडून. चप्पल असू द्या.
नाही, काढाच.