आटणी

उद्यमबागेत एकतीस वर्षं पॅटर्न केले मी, सागवानाचे.
आमची फूटपट्टी तुमच्या फूटपट्टीपेक्षा
नखभर मोठी असते.
बीड थंड होताना आटतं,
म्हणून लाकडातच आधी जादा धरायचं.
हे कुणी शिकवत नाही. म्हणून वहीत लिहिलं.
मग लिहीतच गेलो.

सात वह्या.
‘ब्लोहोल’ काढलंत तर तिथं असतं: बघा ‘ओल’.
ओलीखाली: बघा ‘रेती, मार्कंडेयची’.
रेतीखाली: बघा ‘पावसाळा’.
आणि पावसाळ्याच्या पानावर एवढंच,
दसऱ्यापर्यंत मोठा जॉब घेऊ नये.
बसवाण्णीला विचारा.

बसवाण्णी जाऊन नऊ वर्षं झाली.

भाचा भरमा म्हणाला, इंटरनेटवर घालूया मामा.
दोन तऱ्हा हाईत.
एक, पानं एकदा ओतायची आणि गार करायची.
कोण पण उघडू दे, जशीच्या तशी.
बिघडायला आत काय नाही, भाडं नाही म्हटलं तरी चालतंय.
बदल पाहिजे तर घरच्या मशीनवर करायचा
आणि सगळं परत ओतायचं.
दुसरी जिती. पानावरच खोडा, पानावरच लिहा,
दुसऱ्यानं येऊन लिहिलं तरी लिहू दे.
पण तिला रोज राखावं लागतंय,
डेटाबेस, पासवर्ड, अपरात्री घुसणारे चोर.
बंद पडली की एकदम सगळीच.

म्हणजे एक बीड, मी म्हटलं,
आणि दुसरी साच्यातली ओली रेती.
तसंच की, म्हणाला,
मोबाइलमधनं मान वर न काढता.

बीड बरं. हाताला सवय होती.

टायपिंगला त्याची बहीण शांभवी बसली,
चार रविवार, पंख्याखाली.
तिसऱ्या वहीत थांबली.
मामा, हे समासातलं कुणाचं?
शिसपेन्सिल. कन्नड अक्षर, उजवीकडं झुकलेलं.
चार टक्के नको, तीन. जुलैत.
बाजूला कोळशाच्या भुकटीचा अंगठा.
मी जेवणाच्या सुट्टीत हात धुवायला गेलो की
तो वही उघडायचा, न विचारता,
आणि मी परत येऊन बघायचो, न बोलता.
एकदाच भांडलो, रायझरच्या उंचीवरनं.
त्याचंच खरं निघालं.
ते पण त्यानंच लिहून ठेवलंय, तारखेसकट.

इतकी वर्षं वाटत होतं वही माझी.

समास कुठं घालू, शांभवीनं विचारलं.
भरमा म्हणाला, दुसऱ्या रंगात टाक.
टाकला. पण रंगीत ओळ म्हणजे काही
कुणी येऊन वाकणं नव्हे.

म्हणून प्रत्येक पानाच्या तळाला लिहायला लावलं:
चुकलं असेल तर सांगा.
मंगळवारी, शनिवारी संध्याकाळी
पिरनवाडीच्या फाट्यावर चहाच्या गाड्यापाशी असतो.
भरमा हसला. असं कुणी करत नाही म्हणाला.

दोन महिने कोण आलं नाही. चहावाल्यानं
उधारी मागितली तेवढीच.

मग एका शनिवारी मच्छेच्या फाउंड्रीतला एक पोरगा,
मल्लेशी, कानात अजून भट्टीचा आवाज असल्यासारखा
मोठ्यानं बोलणारा,
अर्धं कन्नड, अर्धं माझ्यासाठी जोडून आणलेलं मराठी.
अज्जा, मार्कंडेयची रेती आता मिळत नाही,
गोणीतली येते, तिला तुमचा आकडा लागत नाही.
आणि साच्यावर हात ठेवल्यासारखा
टेबलावर पंजा ठेवून त्यानं दाखवलं
किती ओल, किती दाब.
मी बिलाच्या मागं उतरवून घेतलं.
रात्री भरमाला सांगायचं, परत ओत.

ती एक ओळ भरमाला काढायची होती.
मामा, ही कडी कुठंच जात नाही.
राहू दे म्हटलं.

मल्लेशीनं तेच पान उघडून माझ्यापुढं धरलं,
काचेवर भुकटीचा अंगठा,
आणि विचारलं,
बसवाण्णी यल्ली सिगतार?

कुठं भेटतील म्हणे.

मी गाड्याकडं वळून
अजून दोन चहा सांगितले.